कार्ड नंबरची पडताळणी: वेब अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये ती कशी लिहावी

पंचवटीत रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका यात्री निवासाचं ऑनलाइन बुकिंग आम्ही करून दिलं होतं. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. काउंटरसमोर साठीच्या पुढचे एक काका उभे होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कार्ड खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरलेलं, कारण कार्डावरचे उठावाचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. एकेक आकडा पुटपुटत त्यांनी नंबर भरला, बटण दाबलं आणि लाल अक्षरांत आलं: ‘अवैध कार्ड’. पुन्हा भरला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

“अहो, परवाच तर पेट्रोल भरलं या कार्डावर. बंद कसं झालं?” म्हणत ते घाबरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावायला लागले.

मी त्यांच्या परवानगीने स्क्रीन पाहिली. सोळाच्या सोळा आकडे बरोबर होते, फक्त ते मराठीत होते. फोनचा कीबोर्ड मराठी होता. आमचा कोड इंग्रजी शून्य ते नऊ सोडून बाकी सगळं पुसून टाकत होता, म्हणजे त्याच्या हातात रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची रांग) उरत होती आणि तो कार्डालाच अवैध ठरवत होता. कार्डात काहीच खोट नव्हती. खोट आमच्या सात ओळींत होती.

त्या दिवसापासून कार्ड नंबरच्या पडताळणीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. हा कोड कार्ड खरं की खोटं हे ठरवत नाही, ते फक्त बँक ठरवू शकते. त्याचं काम एवढंच की टाइप करताना हात चुकला असेल तर पैसे कापायच्या आधी, समजेल अशा शब्दांत ते सांगायचं, आणि हात चुकला नसेल तर मध्ये पडायचं नाही. खाली जे लिहिलंय ते याच हिशोबाने लिहिलंय. कोड कुठल्या एका भाषेतला दिलेला नाही. तर्क मराठीत मांडलाय, तो जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी कशातही उतरवता येईल.

आधी एक प्रश्न: नंबर तुमच्या हातात यायलाच हवा का?

नाशिकमध्ये आम्ही ज्यांची कामं करतो त्यात बेदाणे विकणारे, लॉजवाले, क्लासवाले, अंबड-सातपूरच्या एमआयडीसीतले छोटे कारखानदार असतात. यातल्या कुणालाही कार्ड नंबर स्वतःच्या सर्व्हरवर घ्यायची गरज नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, स्वतःचं पान किंवा स्वतःचे इनपुट तुमच्या पानात बसवून देतो. नंबर ग्राहकाच्या ब्राउझरमधून थेट गेटवेकडे जातो, तुमच्याकडे फक्त टोकन (खऱ्या नंबरऐवजी वापरायचा पर्यायी संकेत) आणि निकाल येतो. शक्य असेल तिथे हाच मार्ग घ्या. मी हे सोय म्हणून नाही, जबाबदारी म्हणून सांगतोय.

कारण नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्याशिवाय पेमेंटच्या साखळीतल्या कुणालाही कार्डाचा तपशील साठवून ठेवता येत नाही. हिशोब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. ‘पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून’ डेटाबेसमध्ये कार्ड नंबरचा कॉलम करायचा विषय इथेच संपतो. शिवाय कार्डाशी संबंध येणाऱ्या सगळ्यांना पीसीआय डीएसएस ही कार्डाच्या सुरक्षेची जागतिक मानकं लागू होतात. नंबर तुमच्या सर्व्हरला नुसता स्पर्शून गेला तरी तो सर्व्हर त्या कक्षेत येतो.

मग हा लेख कशाला? कारण गेटवेच्या जोडणीतही फॉर्म कसा वागतो हे कळायला हवं, काही प्रकल्पांत इनपुट आपल्यालाच लिहावे लागतात, आणि कार्ड नंबर नको त्या जागी शिरलाय का हे शोधायलाही हेच तंत्र लागतं. त्याबद्दल शेवटाकडे.

नंबराची बांधणी

कार्ड नंबर म्हणजे सोळा आकडे, हे डोक्यातून काढा. आयएसओ ७८१२ या मानकानुसार तो जास्तीत जास्त १९ आकड्यांचा असू शकतो. अमेरिकन एक्स्प्रेसचा १५, डायनर्स क्लबचा १४ आकड्यांचा सापडतो. व्हिसाचे बहुतेक १६ असले तरी १३ आणि १९ यांनाही जागा ठेवलेली आहे.

सुरुवातीचे आकडे कार्ड कुणी दिलं ते सांगतात. पूर्वी ही ओळख सहा आकड्यांची होती. मानकाच्या २०१७च्या आवृत्तीत ती आठ आकड्यांची झाली आणि एप्रिल २०२२पासून व्हिसा, मास्टरकार्डने आठ आकड्यांकडे वळायला सुरुवात केली. मधले आकडे खात्याची ओळख. सगळ्यात शेवटचा एक आकडा चेक डिजिट, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून गणित करून काढलेला पहारेकरी.

आमच्या नाशिकरोडला १९२८पासून नोटा छापल्या जातात. नोट खरी आहे हे सांगायला तिच्या अंगात जलचिन्ह असतं, धागा असतो, शाई असते. कार्ड नंबरच्या अंगात फक्त हा एक आकडा आहे, आणि तोही खरेपणा सांगत नाही, लिहिताना चूक झाली का एवढंच सांगतो.

पहिली पायरी: साफसफाई

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घोळ इथेच होतात, लून अल्गोरिदमपर्यंत, म्हणजे चेक डिजिट तपासायच्या गणितापर्यंत, गोष्ट पोचतच नाही. म्हणून इथे सावकाश जाऊ.

माणसं नंबर कसा भरतात ते आठवा. कार्डावर चार-चारचे गट असतात, म्हणून ती मध्ये स्पेस देतात. काही जण डॅश देतात. कुणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेला नंबर चिकटवतात, त्यात न दिसणारी अक्षरं येतात: न तुटणारी स्पेस, शून्य रुंदीची स्पेस. हे सगळं गुपचूप काढून टाकायचं. ‘स्पेस देऊ नका’ अशी सूचना लिहिण्यापेक्षा स्पेस काढणारी एक ओळ लिहायला कमी वेळ लागतो.

मराठी आकडे आधी इंग्रजीत बदलायचे आणि मगच बाकीची सफाई करायची. क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही नेमका तोच चुकवला होता. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५ आहे. इंग्रजी शून्याचा ४८. म्हणजे अक्षराचा क्रमांक २४०६ ते २४१५ यांच्यात असेल तर त्यातून २४०६ वजा करा, आकड्याची किंमत मिळते. एवढंच.

हा प्रश्न भाषेगणिक वेगळ्या तोंडाने समोर येतो. जावास्क्रिप्टमधल्या रेजेक्सचा (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्राचा) ‘बॅकस्लॅश डी’ फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, त्यामुळे तिथे मराठी आकडे पुसले जातात. पायथन ३मध्ये उलटं. तिथे ‘इज-डिजिट’ मराठी आकड्यालाही हो म्हणतं आणि ‘इंट’ त्याची बरोबर किंमतही काढून देतं. ऐकायला छान वाटतं, पण मग पडताळणी पास होते, मराठी आकड्यांची स्ट्रिंग तशीच गेटवेकडे जाते आणि तिथून न कळणारी एरर परत येते. डॉटनेटचा रेजेक्सही मुळात युनिकोड आकडे स्वीकारतो. म्हणून भाषा कुठलीही असो, रेजेक्समध्ये ‘० ते ९’ ही इंग्रजी आकड्यांची मर्यादा स्पष्ट लिहा आणि बदललेली स्ट्रिंगच पुढे पाठवा.

सफाईनंतर आकड्यांशिवाय दुसरं काही उरलं, उदाहरणार्थ एखादं अक्षर, तर ते पुसू नका. शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झालेला असू शकतो. तो पुसला तर नंबर एका आकड्याने कमी होईल आणि ग्राहकाला कळणारच नाही का. इथे थांबून ‘नंबरात अक्षर आलंय’ असं सांगा. स्पेस आणि डॅश पुसायचे, अक्षर दाखवून द्यायचं.

नंबर हा नंबर नाही, ती स्ट्रिंग आहे

कार्ड नंबरशी आपण बेरीज-वजाबाकी करत नाही. तो शेवटपर्यंत स्ट्रिंगच ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये अचूक राहणारा सगळ्यात मोठा पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ आहे, म्हणजे सोळा आकडी. गंमत अशी की ४, ५, ६ने सुरू होणारे सोळा आकडी कार्ड नंबर याच्या आत बसतात, त्यामुळे सगळ्या चाचण्या पास होतात आणि वर्षभर कुणाला शंका येत नाही. मग एक दिवस एकोणीस आकडी कार्ड येतं आणि शेवटचे आकडे बदलून जातात. एक्सेलमध्ये तर पंधरा आकड्यांनंतरचं सगळं शून्य होतं. चाचणीचे नंबर एक्सेल फाइलमध्ये ठेवणाऱ्यांनी तो कॉलम आधी टेक्स्ट करावा.

सीव्हीव्हीलाही, म्हणजे कार्डावरच्या छोट्या सुरक्षा क्रमांकालाही, हेच लागू. ०४७ हा सीव्हीव्ही नंबर म्हणून ठेवला तर ४७ होतो.

दुसरी पायरी: लून अल्गोरिदम

आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५४मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६०मध्ये ते मिळालं. मूळ पेटंट हातात मावणाऱ्या यांत्रिक साधनाचं होतं, कॉम्प्युटर प्रोग्रामचं नाही. पेटंटची मुदत कधीच संपली आहे, पद्धत सगळ्यांना खुली आहे आणि आयएसओच्या मानकातच ती दिलेली आहे.

पद्धत अशी. सगळ्यात उजवीकडच्या आकड्यापासून डावीकडे चाला. पहिला आकडा तसाच घ्या, दुसऱ्याची दुप्पट करा, तिसरा तसाच, चौथ्याची दुप्पट. दुप्पट केल्यावर नऊपेक्षा जास्त आलं तर त्यातून ९ वजा करा. सगळ्यांची बेरीज करा. बेरजेला १०ने भाग गेला तर नंबर पास.

कोडचा सांगाडा:

फंक्शन लून_पास(अंक):
  बेरीज = ०
  दुप्पट = नाही
  उजवीकडून डावीकडे प्रत्येक आकड्यासाठी:
    क = आकड्याची किंमत
    जर दुप्पट असेल:
      क = क × २
      जर क ९पेक्षा मोठा: क = क − ९
    बेरीज = बेरीज + क
    दुप्पट = दुप्पटच्या उलट
  परत द्या: बेरजेला १०ने भागून बाकी ० आहे का

‘उजवीकडून’ हा शब्द मुद्दाम पुन्हा लिहितोय, कारण डावीकडून मोजणारा कोड मी स्वतः तीन वेगवेगळ्या प्रकल्पांत पाहिला आहे. सोळा आकड्यांवर डावीकडून सुरुवात करून पहिल्याच आकड्याची दुप्पट केली तरी उत्तर बरोबर येतं, कारण सोळा ही सम संख्या. पंधरा आकड्यांवर तोच कोड कोसळतो. अमेरिकन एक्स्प्रेसचा चाचणीसाठीचा प्रसिद्ध नंबर घेऊ: ३७८२ ८२२४६३ १०००५.

उजवीकडून जाऊ. तसेच ठेवायचे आकडे ५, ०, १, ६, २, ८, ८, ३. त्यांची बेरीज ३३. दुप्पट करायचे आकडे ०, ०, ३, ४, २, २, ७. दुप्पट करून ०, ०, ६, ८, ४, ४ आणि १४चे ५. त्यांची बेरीज २७. एकूण ६०. पास.

आता डावीकडून पहिल्या आकड्यापासून दुप्पट करत गेलो तर दोन्ही गट उलटे होतात. ३, ८, ८, २, ६, १, ०, ५ यांचे दुप्पट होऊन ६, ७, ७, ४, ३, २, ०, १, म्हणजे ३०. उरलेले ७, २, २, ४, ३, ०, ० म्हणजे १८. एकूण ४८. नापास! चांगलं कार्ड नाकारलं गेलं. कागदावर एकदा हे करून बघा, मग ही चूक आयुष्यात होत नाही.

सरावासाठी कुणाचंही कार्ड लागत नाही. स्वतःच्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. येणारा पंधरा आकडी आयएमईआय नंबरही लूननेच तपासता येतो. आधारवर मात्र हा प्रयोग करू नका, तिथे वरहूफ नावाची वेगळी पद्धत आहे आणि लून तिथे चुकीची उत्तरं देईल.

लूनला काय दिसतं, काय दिसत नाही

एखादा एकच आकडा चुकला तर लून तो नक्की पकडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, ५८चे ८५ झाले, तर तेही पकडतो. अपवाद एक: ०९ आणि ९०. नऊची दुप्पट अठरा, त्यातून नऊ गेले की पुन्हा नऊच. शून्याची दुप्पट शून्य. त्यामुळे जागा बदलल्या तरी बेरीज हलत नाही. जुळ्या आकड्यांत २२चे ५५, ३३चे ६६ आणि ४४चे ७७ झाले तरी त्याला कळत नाही.

अजून एक जागा आहे जी मला काउंटरवर लोकांना नंबर वाचताना पाहून सुचली. चार-चारच्या गटांतले दोन गट आपापसांत बदलले, म्हणजे दुसरा गट तिसऱ्याच्या जागी आणि तिसरा दुसऱ्याच्या, तर लूनला पत्ता लागत नाही. चार ही सम संख्या, त्यामुळे दुप्पट होणारे आकडे दुप्पटच राहतात. फोनवर नंबर सांगून-लिहून घेताना ही चूक सहज होते.

आणि मनाला येतील ते आकडे टाकले तरी दहातला एक नंबर पास होतो. सोळा शून्यंसुद्धा पास होतात. म्हणून लून एकटा वापरू नका. आधी लांबी १२ ते १९ आहे का ते बघा, सगळे आकडे एकसारखे नाहीत ना ते बघा, मग लून. आणि लून पास झाला म्हणून पानावर हिरवी खूण करून ‘कार्ड वैध आहे’ असं कधीही लिहू नका. ते खोटं आहे.

तिसरी पायरी: कार्डाचा प्रकार

याला फार डोक्यावर घेऊ नका. प्रकार ओळखायचा तो चिन्ह दाखवायला, गट पाडायला आणि सीव्हीव्ही तीन आकडी की चार आकडी ते सांगायला. नाकारायला नाही.

व्हिसा ४ने सुरू होतं. मास्टरकार्ड ५१ ते ५५, आणि त्याशिवाय २२२१ ते २७२०. ही दुसरी रांग बऱ्याच जुन्या कोडमध्ये नसते, तिथे चांगली मास्टरकार्डं परत पाठवली जातात. अमेरिकन एक्स्प्रेस ३४ किंवा ३७. रुपे ६०, ६५, ८१, ८२, ५०८ अशा सुरुवातींनी येतं. परदेशी लायब्रऱ्या ६० आणि ६५ला सरळ डिस्कव्हर म्हणून मोकळ्या होतात आणि ८१, ८२ त्यांना माहीतच नसतात. आपल्याकडे शेतकऱ्याच्या, पेन्शनवाल्याच्या हातात बहुतेक वेळा रुपेचं कार्ड असतं. लायब्ररी घेताना पहिली चाचणी रुपेची करा. पिंपळगाव, लासलगावच्या बाजारातला माणूस तुमच्या पानावर अडला तर तो तक्रार करत नाही, परत येत नाही इतकंच.

सुरुवात ओळखीची नसेल तर चिन्हाची जागा रिकामी सोडा आणि नंबर पुढे जाऊ द्या. नव्या रांगा येत राहतात. तुमची यादी जुनी होणार हे धरूनच कोड लिहा.

मुदत आणि सीव्हीव्ही

कार्डावर ०८/२७ छापलं असेल तर ते ३१ ऑगस्ट २०२७पर्यंत चालतं, १ ऑगस्टपर्यंत नाही. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, आणि इथे तीच गोष्ट कामाला येते: छापलेला महिना जसाच्या तसा, दिवस १ म्हणून दिला की आपोआप पुढच्या महिन्याची पहिली तारीख मिळते. आजची तारीख तिच्या आत असेल तर मुदत बाकी आहे. ऑटोफिल कधी ‘२७’ देतो, कधी ‘२०२७’, दोन्ही घ्या.

सीव्हीव्ही तीन आकडी, अमेरिकन एक्स्प्रेसचा चार. व्यवहार मंजूर झाल्यावर तो कुठेही, कुठल्याही रूपात ठेवायचा नाही. एन्क्रिप्ट करूनही नाही.

फॉर्म

इनपुटचा टाइप ‘नंबर’ ठेवू नका. तो मोजण्याच्या संख्यांसाठी आहे. काही ब्राउझरमध्ये माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो, ‘ई’ आणि वजाचं चिन्ह चालतं, आणि स्पेससकट चिकटवलेला नंबर रिकामा होऊ शकतो. टाइप ‘टेक्स्ट’ ठेवा, इनपुटमोड ‘न्यूमेरिक’ द्या म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येईल, आणि ऑटोकंप्लीटला ‘सीसी-नंबर’ द्या म्हणजे ब्राउझरला स्वतः भरता येईल. ज्याला झिजलेले आकडे वाचायला त्रास होतो त्याच्यासाठी या शेवटच्या गोष्टीइतकी मोठी मदत दुसरी नाही. पेस्ट बंद करण्याचा विचारही नको.

मॅक्सलेंथ १६ ही फार पसरलेली चूक आहे. स्पेससकट सोळा आकडी नंबर एकोणीस अक्षरांचा होतो. तो चिकटवला की ब्राउझर सोळा अक्षरांवर कापतो आणि तेरा आकडे उरतात. ग्राहकाला शेवटचे तीन आकडे गेलेले दिसतही नाहीत. एकोणीस आकडे आणि चार स्पेस मिळून तेवीस, त्याहून कमी मर्यादा ठेवू नका.

टाइप करता करता गट पाडत असाल तर कर्सर सांभाळा. मधला एक आकडा दुरुस्त करायला गेलेल्या माणसाचा कर्सर उडी मारून शेवटी गेला की पुढचा आकडा भलतीकडे पडतो. हे नीट जमत नसेल तर गट पाडूच नका, आणि इनपुट सोडल्यावर एकदाच पाडा.

चूक दाखवायची तीही इनपुट सोडल्यावर. चौथ्या आकड्यालाच लाल रंग दाखवणारा फॉर्म माणसाला बोलू न देणाऱ्या कारकुनासारखा वाटतो. भरलेला नंबर पुसू नका, तो पुन्हा भरणं किती कष्टाचं असतं ते मी पाहिलं आहे. आणि निरोप नुसत्या रंगाने न देता शब्दांतही द्या, इनपुटशी जोडून, म्हणजे स्क्रीन रीडर तो वाचेल.

निरोपाचे शब्द जपून निवडा. आमच्याकडे आता असे आहेत. लून नापास: ‘एखादा आकडा चुकला असावा. कार्डाशी एकदा ताडून पाहा.’ आकडे कमी: ‘नंबर पूर्ण झालेला दिसत नाही.’ अक्षर आलं: ‘नंबरात आकड्यांशिवाय अक्षर आलं आहे.’ बँकेने नाकारलं: ‘बँकेने हा व्यवहार मंजूर केला नाही. पैसे कापले गेले नाहीत. दुसरं कार्ड किंवा यूपीआय वापरता येईल.’ यातलं ‘पैसे कापले गेले नाहीत’ हे वाक्य गेटवेकडून खात्री झाली तरच लिहायचं. ‘अवैध’ हा शब्द आम्ही पूर्ण काढला. नंबर टाइप करताना चुकलेल्या माणसाला त्याचं कार्ड अवैध आहे असं सांगणं म्हणजे त्याला विनाकारण घाबरवणं.

सर्व्हर आणि लॉग

ब्राउझरमधली पडताळणी ग्राहकाच्या सोयीची असते, सर्व्हरवरची तुमच्या. ब्राउझरमधली कुणीही चुकवू शकतो. नंबर तुमच्या सर्व्हरवर येत असेल तर तीच साफसफाई, तीच लांबी, तोच लून तिथे पुन्हा चालवा.

चोरलेल्या कार्डांची यादी हातात असलेले लोक छोट्या रकमांचे व्यवहार करून कुठलं कार्ड चालू आहे ते पाहतात, आणि त्यासाठी छोट्या दुकानांची, देणगीची पानं वापरतात. लून त्यांना अडवत नाही, त्यांचे नंबर खरेच असतात. एका सेशनमधून, एका आयपी पत्त्यावरून किती प्रयत्न होतायत त्यावर मर्यादा घाला. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकात बुकिंगची नवी पानं निघतायत. गर्दीत असे प्रयत्न लपून जातात, म्हणून ही मर्यादा आधीच घाला.

नंबर यूआरएलमध्ये कधीही नको. एरर लॉगमध्ये नको. एरर पकडणाऱ्या सेवा बऱ्याचदा पूर्ण रिक्वेस्ट उचलून ठेवतात, तिथे तो इनपुट वगळल्याची खात्री स्वतः करून घ्या.

‘आम्ही नंबर ठेवत नाही, हॅश ठेवतो’ असं मला अभिमानाने सांगणारे भेटले आहेत. हॅश म्हणजे नंबरावरून गणिताने काढलेला ठसा, त्यावरून नंबर थेट उलटा काढता येत नाही. हिशोब करून पाहा. सोळा आकड्यांतले पहिले सहा बँकेवरून कळतात, शेवटचे चार पावतीवर असतात. उरले सहा, म्हणजे १०,००,००० शक्यता. त्यातल्या लून पास होणाऱ्या फक्त १,००,०००. साधा लॅपटॉप एवढे हॅश क्षणात काढतो. आठ आकडे माहीत असतील तर शक्यता उरतात १,०००. जो चेक डिजिट आपल्या मदतीला आहे तोच इथे चोराचं काम दहापटीने हलकं करतो. हॅशही नको.

नको तिथे आलेला नंबर शोधणं

लूनचा मला आज सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो. गेटवेचं पान वापरूनही कार्ड नंबर आपल्याकडे येतात, कारण माणसं ते भलत्या इनपुटमध्ये लिहितात. एका बेदाणे विक्रेत्याच्या ऑर्डरींमध्ये ‘डिलिव्हरीबद्दल सूचना’ या इनपुटात कुणीतरी पूर्ण कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही लिहून खाली ‘यातून पैसे घ्या’ असं लिहिलं होतं. केवढा विश्वास! आणि ते सगळं डेटाबेसमध्ये, ईमेलमध्ये, पॅकिंग स्लिपवर छापून गेलं होतं.

उपाय: मजकूर साठवायच्या आधी त्यात स्पेस-डॅश धरून १३ ते १९ आकड्यांची सलग रांग आहे का ते शोधा. असेल तर लून लावा, सुरुवातीचे आकडे ओळखीच्या कार्डांचे आहेत का ते पाहा. दोन्ही जुळलं तर मजकूर साठवू नका, ग्राहकाला सांगा की कार्डाचा तपशील इथे लिहू नये. नुसत्या लूनवर भागत नाही, कुरिअरचे नंबरही दहातला एक पास होतो. लॉगवर हाच फिल्टर लावा, तिथे शेवटचे चार सोडून बाकीचे फुल्या करा.

चाचण्या

स्वतःचं कार्ड चाचणीच्या फाइलमध्ये टाकू नका. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, गेलेली गोष्ट पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहते. चाचणीसाठी सगळ्यांना माहीत असलेले नंबर आहेत: व्हिसासाठी ४१११ ११११ ११११ ११११, मास्टरकार्डसाठी ५५५५ ५५५५ ५५५५ ४४४४, आणि वरचा अमेरिकन एक्स्प्रेसचा. त्यांच्यावर खऱ्या खात्यातून पैसे जात नाहीत.

पास व्हायला हवेत: हे तिन्ही, स्पेससकट, डॅशसकट, पुढे-मागे स्पेस असताना. नापास व्हायला हवेत: प्रत्येकाचा एकेक आकडा बदलून, शेजारचे दोन वेगळे आकडे उलटवून, सोळा शून्यं, रिकामं, अकरा आकडे, वीस आकडे, मध्ये ‘ओ’ असलेला. एकोणीस आकडी एक नंबर स्वतः बनवा: अठरा आकडे लिहा, शेवटी शून्य ठेवून लूनची बेरीज काढा, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. तो पडताळणीतून जाऊन दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा, एकही आकडा न बदलता निघतो का ते पाहा.

पंचवटीच्या त्या फॉर्मच्या चाचण्यांच्या फाइलमध्ये आता पहिल्याच ओळीवर मराठी आकड्यांत लिहिलेला व्हिसाचा चाचणी नंबर आहे, चार-चारच्या गटांत, मध्ये स्पेस देऊन, काकांनी भरला होता अगदी तसा.